डाव्या अंगाचं रबर

(हुमनाबाद. पुणे-हैदराबाद रस्त्याच्या कडेला बाबूलालचं गाड्यांच्या रबर-कुशनचं दुकान. समोर लिंबाच्या सावलीत एक जुनी पांढरी ॲम्बेसिडर. १९८७ सालचा मे महिना, सकाळची वेळ. गाडीचे मालक ज्ञानोबा आणि त्यांची बायको शोभाबाई.)

शोभाबाई : अन् ही बाही बघा, बाबूलालभाई. रिठ्यात भिजवली, लिंबू चोळलं, सोड्याच्या पाण्यात उकळली. जन्मभर ह्यांच्या कॉलरी घासल्या मी. माझ्या हाताखाली आलेला डाग कधी टिकला न्हाई. हा मात्र हटंना.

बाबूलाल : हटणार नै भाभी. बूट पॉलिश हाय हे. ब्लाउजला बूट पॉलिश कुठनं आलं?

शोभाबाई : ह्यांना इचारा.

ज्ञानोबा : गाडीच्या खिडकीला लावलं व्हतं. काचेखालचं रबर लई पांढरं पडलंय, जरा काळं दिसावं म्हणून. भाची आली अन् तिनं कोपर टेकलं. मी सांगायच्या आत.

शोभाबाई : भाचीचा ब्लाउज गेला तर गेला. रविवारी ह्याच गाडीत आमची लेक विशाखा बसून गुलबर्ग्याला सोताच्या लग्नाला जायची हाय. तुमाला तर म्हाईत हाय, आमच्यात नवरी पांढऱ्यात, नवरा पांढऱ्यात, अन् मागनं येणारे समदे पांढऱ्यात. एकेकानं खिडकीला कोपर टेकलं तर विहारात आमी झेब्र्यागत उभे राहू.

बाबूलाल : हौ, मी आलो व्हतो की तुमच्या पुतण्याच्या लग्नाला. असं पांढरं शुभ्र समदं, कापूस वेचायला निघाल्यागत. ज्ञानूभाई, मियां, पॉलिश चामड्याचं औषध हाय. रबर त्याला पीत नै. वरच्यावर बसून राहतंय, अन् जो टेकंल त्याच्या संगं घरला जातंय.

ज्ञानोबा : कळालं आता. म्हणून तर आणली. पॉलिश काढ, अन् असं कायतरी लाव की काळं बी दिसंल अन् कपड्याला बी लागायचं न्हाई.

बाबूलाल : बसा सावलीला. पहिले साबणाच्या पाण्यानं धुतो. मग त्याचं खरं तोंड दिसंल.

शोभाबाई : लवकर व्हईल तेवढं बरं. घरी पाव्हणे यायलेत, अजून ह्यांच्या सदऱ्याला खळ घालायची राह्यलीय.

ज्ञानोबा : कडक घाल. कॉलर उभी राह्यली पायजे.

शोभाबाई : घालते. आजवर कधी पडली का कॉलर तुमची?

बाबूलाल : ज्ञानूभाई, जरा इकडं या. ही एक गाडी हाय का दोन गाड्या जोडून घेतल्यात?

ज्ञानोबा : एकच हाय. कामून?

बाबूलाल : हे उजवं अंग बघा. धूळ हाय, जरा राखट पडलंय, पण बोट दाबलं तर दबतंय अन् परत वर येतंय. जित्तं हाय. अन् हे डावं बघा. नख लावलं तर कपची निघायली. आरपार चिरा गेल्यात. एका आईची दोन लेकरं, अन् एक म्हातारं, एक जवान. असं कसं?

ज्ञानोबा : उलटं कसं झालं? उजव्या अंगाकडं तर मी कधी ध्यानच दिलं न्हाई. शनवारी पाणी मारलं तर मारलं. डावं रोज पुसतो मी. अजून बी.

बाबूलाल : कशानं?

ज्ञानोबा : घासलेटानं. फडक्याचा बोळा करून. साहेबांची सरकारी गाडी व्हती अन् मी तिचा ड्रायव्हर, तवापासूनचा नेम हाय. बंगल्याच्या पोर्चमधी गाडी लागली की डावं अंग पायऱ्यांकडं यायचं. साहेब तिकडनंच चढायचे, तिकडनंच उतरायचे. येणारा-जाणारा बघणार ते डावं अंग. उजवं भिंतीकडं. सकाळी साहेबांचा चहा होईस्तोवर मी बोळा फिरवायचो. रबर असं चमकायचं, कावळ्याच्या पंखागत.

बाबूलाल : चमकायचंच. घासलेट लावलं की रबर त्या दिवशी चमकतंय, अन् आतनं वाळत जातंय. तुमी इतकी वर्षं रोज सकाळी त्याचं रगत काढलंत, मियां. ज्याला जपलं ते मेलं, अन् ज्याला इसरलात ते जगलं.

शोभाबाई : झालं. आता हे दोन दिवस जेवायचे न्हाईत.

ज्ञानोबा : तू गप गं. बाबूलाल, काय औषध असंल तर बघ. कंपनीचं रबर हाय ते, गाडीसंगं आलेलं. मी हिला पहिल्या दिवशी डेपोतनं आणली तवा सीटांवरचा कागद मी काढलाय.

बाबूलाल : उजव्याला औषध हाय. एरंडेल. कोमट करून चोळायचं, उद्यापर्यंत मुरू द्यायचं, मग कोरड्या फडक्यानं पुसायचं. काळं व्हईल, मऊ बी व्हईल. पांढरं पातळ घासून बघा भाभी, डाग आला तर मी दुकान बंद करतो. पण डाव्याला नक्को. मेलेल्याच्या तोंडात एरंडेल घालून काय उपेग? माझ्याकडं हैदराबादहून आलेलं नवं रबर हाय, डावीकडच्या दोन्ही खिडक्यांना पुरंल. काढून टाकू.

ज्ञानोबा : नवं अन् जुनं, दोन अंगं दोन तऱ्हेची दिसतील.

शोभाबाई : आताच कुठं एका तऱ्हेची हायत? काढा ते, बाबूलालभाई. पोरगी त्या बाजूनं उतरणार हाय, समद्या लोकांपुढं. साडी त्या चिरांत अडकायला नको.

ज्ञानोबा : त्या बाजूनं कामून? उजवीकडनं उतरंल की. नेहमीगत.

शोभाबाई : ऐकलंत? हे 'नेहमीगत'च मला सांगायचं व्हतं.

बाबूलाल : म्हंजे काय भाभी?

शोभाबाई : तुमी आता दारं उघडून बघितलीत न्हवं? मागलं डावं दार कसं हाय?

बाबूलाल : नव्यागत. मूठ बी ढिली नै झाली. अन् मागलं उजवं पार लोंबायलंय. मी म्हटलं, हे काय गौडबंगाल?

शोभाबाई : गौडबंगाल न्हाई, आमचा संसार हाय. साहेब बदलून बेंगळूरला गेले, गाडी कंडम झाली, ह्यांनी लिलावात घेतली. आमच्या दारात आली त्या दिवशी सगळी गल्ली बघायला. पण डाव्या दारानं आमच्यातलं एक माणूस अजून आत गेलं न्हाई. बाजाराला जाऊ, दवाखान्याला जाऊ, बसवकल्याणला माझ्या भावाकडं जाऊ, आमी समदे उजवीकडनं. हायवेवर उतरताना लाऱ्या अंगावरनं जायच्या. एकदा माझ्या पदराला वारा लागला लारीचा. तरी उजवीकडनंच.

ज्ञानोबा : कोणी बंदी घातली व्हती का तुमाला?

शोभाबाई : बंदी कोण घालतं. तुमी यायचात, उजवं दार उघडून उभं राहायचात. आमी बसायचो.

बाबूलाल : आपल्याच घरात मागल्या दारानं. माझ्या बापजाद्यात असं नै ऐकलं.

ज्ञानोबा : तू लारी चालवलीस, बाबूलाल. तुला न्हाई कळायचं. डावं दार दुसऱ्यासाठी उघडायचं असतं. हाताला ती सवय. त्यातनं आपण आत जावं असं कधी मनातच आलं न्हाई.

शोभाबाई : अन् त्या सीटवरचा टॉवेल सांगा की.

ज्ञानोबा : टॉवेलाचं काय आता?

शोभाबाई : साहेबांच्या पाठीला घाम येऊ नये म्हणून सीटवर पांढरा टॉवेल असायचा, बाबूलालभाई. तो अजून हाय. तोच न्हवं, तो फाटला. हे नवा आणतात. दर सोमवारी मी धुते, हे घालतात. अन् त्याच्यावर कोणी बसत न्हाई. पोरं लहान व्हती तवा एका कोपऱ्यात चिकटून बसायची, पलीकडं कोणी भूत बसल्यागत.

ज्ञानोबा : साहेब चांगला माणूस व्हता. कधी शिवी दिली न्हाई, कधी उपाशी ठेवलं न्हाई दौऱ्यावर.

शोभाबाई : मी कुठं वाईट म्हणते त्यांना. ते तर गेले बिचारे कवाच उतरून. तुमीच अजून दार धरून उभे हाव.

बाबूलाल : भाभी, चहा घ्या. ज्ञानूभाई, हा घ्या पेचकस, त्या कडंचे स्क्रू ढिले करा. हाताला काम असलं की बोलणं सोपं जातंय.

ज्ञानोबा : दे. ...सुटतंय. कपच्या पडायल्या नुसत्या.

बाबूलाल : पडू द्या. झाडून काढू.

शोभाबाई : आता हात गुंतलेत तवर सांगून टाकते. घरी सांगितलं असतं तर तुमी उठून गेला असता. विशाखाचं एक मागणं हाय.

ज्ञानोबा : काय पायजे तिला? सगळं तर झालं.

शोभाबाई : रविवारी गाडी तुमी चालवायची न्हाई. तिच्या शेजारी बसायचं.

ज्ञानोबा : अन् गाडी?

शोभाबाई : दुसरं कोणीतरी चालवंल.

ज्ञानोबा : ह्या गाडीचं गेर आजवर माझ्याबिगर कोणी धरलेलं न्हाई. क्लच कुठं धरतो, चढाला कुठं दम खातीय, ते मला म्हाईत. गुलबर्ग्याच्या वाटेवर पूल हाय एक, तितं खड्डा कुठल्या चाकाला येतो ते बी म्हाईत. मंत्री बसवून नेलेत मी हिच्यात. माझ्या पोरीला लग्नाला मी न्यायची न्हाई तर कोणी न्यायची?

शोभाबाई : नेतो तो ड्रायव्हर. बाप संगं जातो.

बाबूलाल : ...स्क्रू सांभाळा, पडला खाली.

ज्ञानोबा : हे तिचे शब्द का तुझे?

शोभाबाई : हे माझे. तिचे सांगू? परवा राती भाकरी करताना म्हणली, आई, आप्पांनी मला कॉलेजला घातलं तवा गुलबर्ग्याला सोडायला तेच आले. बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी आणायला बी तेच आले. त्या दिवशी आप्पांचा चेहरा कसा झाला व्हता म्हणून कोणी इचारलं तर मला सांगता यायचं न्हाई. मी त्यांच्या मागं बसले व्हते. मला फकस्त कॉलर दिसली.

ज्ञानोबा : रस्ता बघायचा असतो माणसानं. मागं वळून बघितलं तर गाडी झाडावर जाईल.

शोभाबाई : तेच. म्हणून म्हणती, एक डाव रस्ता दुसऱ्याला बघू द्या.

ज्ञानोबा : जमायचं न्हाई मला. मागं बसून माझे पाय काय करतील?

शोभाबाई : माझे पाय काय करतात इतकी वर्षं?

बाबूलाल : हौ भाभी, हे बरं बोललात. ज्ञानूभाई, बाजूला सरका, नवी पट्टी बसवतो. अशी दाबत न्यायची, घाई नै करायची, कोपऱ्याला जरा ढिली सोडायची. ओढून बसवली की उन्हाळ्यात आखडती अन् मग काच खडखडती. ...झालं. बघा. आता भाभी, तुमचं पातळ.

शोभाबाई : हा पदर घासते. ...न्हाई आलं कायबी. हे बघा, पांढरंच हाय.

ज्ञानोबा : काळं झालं खरं.

बाबूलाल : उजव्याला एरंडेल लावलंय. उद्यापर्यंत तिकडच्या दारांना हात लावायचा नै, टेकायचं नै. आता एक फेरी मारून बघू. नव्या रबरातनं वारा शिरला तर शीळ वाजती, ती इथं उभं राहून कळत नै. गाडी पळती असताना मागल्या डाव्या खिडकीशी बसून कान लावायला पायजे.

ज्ञानोबा : मी चालवतो, तू बस मागं.

बाबूलाल : ड्रायव्हरच्या दाराला तेल हाय, मियां. तुमचा सदरा बघा, दुधागत. माझे कपडे बघा, तेलाचेच हायत, मला काय फरक? अन् हिची शीळ कंची अन् जुना आवाज कंचा, ते तुमचाच कान सांगंल. मला ही गाडी म्हंजे रस्त्यानं जाताना दिसणारी गाडी.

शोभाबाई : चला की. एका फेरीनं काय व्हतंय.

ज्ञानोबा : उजवीकडनं...

शोभाबाई : तेल हाय तिकडं.

ज्ञानोबा : व्हय. तेल हाय.

शोभाबाई : सरा, मी आधी जाते आत. पलीकडं सरकते. दाराला टेकत न्हाई, तेलाला हात लावत न्हाई. हं, या आता. ...अवो, या. उभे कामून राह्यलाव?

ज्ञानोबा : टॉवेल काढ.

शोभाबाई : बसा त्याच्यावरच. मीच धुतलेला हाय.

ज्ञानोबा : न्हाई. काढ. घडी करून ठेव मागं.

बाबूलाल : दार लावा जोरात. चालू करू?

ज्ञानोबा : चोक जरा ओढ. एवढा नको. सोड आता. क्लच सावकाश, ती वरच धरती. ...हं. ट्रकला जाऊ दे. जाऊ दे म्हणलं न्हवं.

बाबूलाल : मी पुण्यापासनं हैदराबादपर्यंत दहा टन कांदा नेलाय, ज्ञानूभाई.

ज्ञानोबा : कांदा वेगळा.

शोभाबाई : बघा बाबूलालभाई, पाय बघा ह्यांचे. खाली ब्रेक न्हाई तरी दाबायलेत.

ज्ञानोबा : ...ष्टेरिंग लई लांब वाटतंय गं इथनं.

बाबूलाल : शीळ येती का कानावर?

ज्ञानोबा : न्हाई. गप हाय. काच जरा खाली घेतो. ...मऊ फिरायली. लई दिवसांनी फिरली असंल ही काच.

बाबूलाल : कोपर टेका भायेर. बिनधास्त टेका, काय लागत नै.

ज्ञानोबा : वारा चांगला येतोय इथं.

शोभाबाई : येतोच.

ज्ञानोबा : बाबूलाल, तुझ्या मानंवर चामखीळ हाय. कॉलरीच्या खाली.

बाबूलाल : असंल. मला कुठं दिसती? घरवाली म्हणती, हाय म्हणून.

ज्ञानोबा : अन् कॉलर बघ कशी झालीया, तवा पुसल्यागत. रविवारी येताना घासून ये. पोरगी मागं बसणार हाय.

बाबूलाल : म्हंजे रविवारी मी यायचं म्हणता?

ज्ञानोबा : मग काय, कांदा न्यायला बोलवायलोय का तुला? सकाळी ऊन तापायच्या आत ये. पुलावर डाव्या चाकाला खड्डा हाय, तेवढं ध्यानात ठेव.

शोभाबाई : मी देईन कॉलर घासून, बाबूलालभाई. सदरा पाठवून द्या.

ज्ञानोबा : इथनं समदं दिसतं की गं. केस कुठं वाढलेत, घाम कुठं आलाय, समदं.

शोभाबाई : दिसतंच. दुसरं बघायला काय असतं मागं बसून.

ज्ञानोबा : माझा तो वण बी दिसत असंल मग. मानंखालचा. आबासंगं गावातली मेलेली जनावरं वाहायचो न्हवं, खांद्यावर दांडी घेऊन. दीक्षा घेतली अन् ते काम सोडलं, त्याला किती वर्षं झाली. वण गेला असंल म्हणून मी इसरलो व्हतो. आरशात दिसत न्हाई तो.

शोभाबाई : गेला न्हाई. हाय तितंच.

ज्ञानोबा : म्हंजे साहेबांना रोज दिसला असंल. इतकी वर्षं.

शोभाबाई : न्हाई दिसला.

ज्ञानोबा : तुला काय म्हाईत? तू कुठं व्हतीस गाडीत?

शोभाबाई : मी न्हवते, माझी खळ व्हती. तांदळाची पेज दाट करून कॉलरीला घालायची, अन् इस्त्री अशी मारायची की कॉलर दोन बोटं वर उभी राहावी. सुरवातीला तुमी म्हणायचात, गळा कापतोय, खळ कमी घाल. मी म्हणायची, ड्रायव्हरच्या ड्रेसचा नियम हाय.

ज्ञानोबा : नियम न्हवता?

शोभाबाई : कसला नियम? तुमच्याबरोबरच्या ड्रायव्हरांच्या कॉलरी कधी बघितल्या न्हाईत का?

ज्ञानोबा : मला वाटायचं, त्यांच्या बायका आळशी हायत.

बाबूलाल : ...इथनं फिरवू का माघारी?

ज्ञानोबा : जरा पुढं घे. त्या चिंचांपर्यंत जाऊ दे. मग फिरव.

बाबूलाल : हौ.

ज्ञानोबा : शोभा.

शोभाबाई : अं?

ज्ञानोबा : रविवारच्या सदऱ्याला खळ घालू नको. मऊच राहू दे.